युरोपीय अंतराळ कायदा: नियम ब्रसेल्सचे, भरपाई देशांची

२५ जून २०२५ रोजी युरोपीय संघाच्या अंतराळ कायद्याचा मसुदा ब्रसेल्समध्ये मांडला गेला. खासगी उपग्रह कंपन्यांनी टक्कर टाळण्यासाठी, सायबर हल्ल्यांपासून बचावासाठी आणि अंतराळातला कचरा वाढू नये म्हणून काय करायचं, याचे सगळ्या सदस्य देशांत सारखे लागू होणारे नियम त्यात आहेत. मूळ मसुद्यानुसार अंमल १ जानेवारी २०३० पासून. मसुद्याच्या बाजूनं सांगितलं जाणारं मुख्य कारण असं, की संघात आज तेरा देशांच्या तेरा तऱ्हा आहेत आणि एकाच कंपनीला दारोदार परवाने मागत फिरावं लागतं. तक्रार खरी आहे. पण हे वेगवेगळे कायदे मुळात का झाले, याचा विसर पडून चालणार नाही.

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानं खासगी कंपनीच्या कामाची जबाबदारीही देशावरच टाकली: परवानगी द्या आणि सतत देखरेख ठेवा. १९७२ च्या करारानं त्याला पैशाची बाजू जोडली. यानाचा तुकडा जमिनीवर पडून नुकसान झालं, तर चूक कोणाची हे न विचारता प्रक्षेपण करणाऱ्या किंवा करवून घेणाऱ्या देशानं भरपाई द्यायची. राष्ट्रीय परवाना कायदा म्हणजे सरकारनं आपल्या तिजोरीभोवती घातलेलं कुंपण होतं. स्वीडननं ते १९८२ मध्ये घातलं, बेल्जियमनं २००५ मध्ये. २००८ चा फ्रेंच कायदा सगळ्यांत तपशीलवार आहे, आणि त्यालाही कारण आहे. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरूचं प्रक्षेपण केंद्र फ्रेंच भूमीवर आहे, म्हणजे तिथून सुटणाऱ्या प्रत्येक अग्निबाणाचा धोका पॅरिसच्या माथी. ठरावीक रकमेपर्यंत कंपनी, त्यावर सरकार, अशी भरपाईची विभागणी त्या कायद्यानं घालून दिली. फिनलंडला कायद्याची निकड भासली ती विद्यार्थ्यांनी बांधलेले उपग्रह उडायची वेळ आली तेव्हा. त्यांतला आल्टो-१ जून २०१७ मध्ये आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं गेला आणि फिनलंडचा कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला.

खरा गुंता आहे तो एका शब्दाचा: एकरूपीकरण, म्हणजे सगळ्या देशांचे कायदे एकसारखे करणं. डिसेंबर २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारानं संघाला प्रथमच अंतराळाविषयी स्पष्ट अधिकार दिला. त्यासाठीचं कलम १८९ म्हणतं, की संघानं धोरण आखावं, संशोधनाला बळ द्यावं, कार्यक्रम उभारावेत. मात्र ‘सदस्य देशांच्या कायद्यांचं व नियमांचं कोणतंही एकरूपीकरण वगळून’. संघाचा अधिकार वापरला गेला म्हणून देशांचा अधिकार संपत नाही, असंही त्याच करारात वेगळं नमूद आहे. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना सगळ्यांना सारखा कायदा आणायचा कसा?

वाट काढली ती कलम ११४ मधून. हे कलम अंतर्गत बाजारपेठेचं. देशादेशांच्या नियमांतल्या फरकामुळे व्यापाराला अडथळा येत असेल, तर ते नियम जुळवून घेण्याचा अधिकार ते देतं. म्हणजे युक्तिवाद असा, की आम्ही अंतराळाचं एकरूपीकरण करत नसून अंतराळाधारित सेवांच्या बाजारपेठेचं करतो आहोत.

हा वाद युरोपच्या न्यायालयात एकदा झालेला आहे, फक्त विषय तंबाखूचा होता. १९९८ च्या निर्देशानं (निर्देश म्हणजे संघाचा असा आदेश, ज्यावरून देश आपापले कायदे करतात) तंबाखूच्या जवळपास सगळ्या जाहिरातींवर बंदी आणली. आधार बाजारपेठेचाच, आणि करारातल्या सार्वजनिक आरोग्याच्या कलमातही एकरूपीकरण असंच वगळलेलं. जर्मनी न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००० मध्ये तो निर्देश पूर्ण रद्द झाला. वगळलेली गोष्ट दुसऱ्या कलमाच्या आडून आणता येणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. पण त्याच निकालात हेही आहे, की बाजारपेठेसाठी केलेल्या नियमाचा आरोग्यावर परिणाम झाला तर तेवढ्यानं तो बाद ठरत नाही. पुढे आटोपशीर करून आणलेला निर्देश २००६ मध्ये टिकला. मसुद्याचे समर्थक आणि विरोधक दोघंही आज याच निकालांकडे बोट दाखवतात. माझ्या मते कसोटी एकच: उपग्रह कंपन्यांना या फरकांमुळे खरोखर अडथळा येतो हे दाखवता आलं पाहिजे. नुसते तेरा कायदे मोजून दाखवणं पुरेसं नाही. शिवाय हा पहिला प्रयत्नही नाही. उपग्रहांनी टिपलेल्या माहितीच्या व्यापारी वितरणाबद्दल २०१४ मध्ये याच कलम ११४ खाली आणलेला निर्देशाचा प्रस्ताव पुढे मागे घ्यावा लागला होता.

निर्देश आणि विनियम यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. निर्देश आला की प्रत्येक देश आपल्या संसदेत, आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीनं कायदा करतो. २०२२ च्या सायबर सुरक्षेच्या निर्देशानं अंतराळाच्या जमिनीवरच्या यंत्रणा अशाच राष्ट्रीय कायद्यांत आणल्या. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला, युक्रेनवरच्या आक्रमणाच्या दिवशी, एका उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला आणि जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. सायबर संरक्षणाला आज एवढं वजन का आहे, ते यावरून कळतं. नवा मसुदा मात्र विनियमाचा आहे. तो थेट लागू होईल आणि विसंगत राष्ट्रीय तरतूद न्यायाधीशाला बाजूला ठेवावी लागेल. फ्रान्सनं वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेले तांत्रिक नियम त्यात कितपत टिकतील, ही पॅरिसची काळजी मला रास्त वाटते.

युरोपात सेवा विकू पाहणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही मसुद्याच्या कक्षेत आहेत, भारतीयही. आपल्याकडे २०१७ चा विधेयकाचा मसुदा अजून कायदा झालेला नाही आणि कारभार २०२३ च्या धोरणावर चालतो. युरोपचा ग्राहक हवा असेल तर आपल्या कंपन्यांना ब्रसेल्सची वही आधी उघडावी लागेल.

इटलीनं आपला पहिला सर्वंकष अंतराळ कायदा केला तो जून २०२५ मध्येच. जर्मनीकडे उपग्रहांच्या माहितीच्या सुरक्षेचा २००७ चा कायदा आहे, सर्वंकष कायदा नाही. अशा सर्वंकष कायद्याचे मुद्दे सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केले. नुकसानीची जबाबदारी आणि विमा ब्रसेल्सच्या मसुद्यानं देशांवरच सोडले आहेत. संघ १९६७ किंवा १९७२ च्या कराराचा पक्ष नाही. त्यामुळे ब्रसेल्सचे सगळे नियम पाळलेला उपग्रह उद्या कोणाच्या घरावर कोसळला, तरी दावा बर्लिनवर किंवा रोमवर येईल, आणि कंपनीकडून त्यातलं किती वसूल करायचं हे त्यांच्या संसदांनाच ठरवावं लागेल.