नोकरीतील प्रशिक्षणाचे अर्थशास्त्र

कामावर असताना कामगार जे कौशल्य शिकतो त्याचा खर्च कोण सोसतो, फायदा कोणाच्या पदरात पडतो आणि वाढत्या वयाबरोबर हे गणित कसे बदलते, याचा विचार करणारी श्रम-अर्थशास्त्राची शाखा.

या खर्चात वर्गाची फी हा लहानसा भाग असतो. नवा माणूस लेथवर उभा राहिला की सुरुवातीला माल वाया जातो, यंत्र संथ चालते आणि अनुभवी कारागीर आपले काम सोडून त्याच्याजवळ थांबतो. हे नुकसान हिशेबात प्रशिक्षणाच्या नावावर सहसा पडतच नाही, त्यामुळे खरा खर्च नेहमी कमी दिसतो.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये कौशल्यांचे दोन प्रकार मांडले. सर्वसाधारण कौशल्य कुठेही चालते. ते शिकून कामगार दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून स्पर्धेच्या बाजारात त्याचा भार कमी पगाराच्या रूपाने कामगारावरच येतो. त्या एका कंपनीतच उपयोगी पडणाऱ्या विशिष्ट कौशल्याचा खर्च मात्र दोघे वाटून घेतात. प्रत्यक्षात अनेक कंपन्या सर्वसाधारण प्रशिक्षणावरही पैसा घालतात. जर्मनीतील उमेदवारी पद्धत (अप्रेंटिसशिप, म्हणजे काम करता करता धंदा शिकणे) हे त्याचे ठळक उदाहरण. डॅरन असेमोग्लू व यॉर्न-श्टेफेन पिश्के यांनी १९९० च्या दशकात याचे कारण दिले: नोकरी बदलणे सोपे नसते आणि कौशल्य वाढते त्या प्रमाणात पगार वाढत नाही, त्यामुळे मधला फायदा मालकाकडे राहतो.

योराम बेन-पोराथ यांच्या १९६७ च्या मांडणीनुसार शिकण्यातली गुंतवणूक तरुणपणी जास्त आणि निवृत्ती जवळ येईल तशी कमी होते, कारण परतफेडीची वर्षे उरत नाहीत. पगार आधी झपाट्याने वाढून पुढे मंदावतो, याचा उलगडाही यातून बऱ्याच अंशी होतो. पण हा युक्तिवाद वयस्करांविरुद्ध गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. एखादे तंत्र पाच वर्षांतच जुने होणार असेल, तर पंचावन्न वर्षांच्या आणि पंचविशीतल्या कामगाराकडून होणारी वसुली सारख्याच काळाची असते. उलट तरुणच नोकरी सोडून जाण्याची शक्यता अधिक.

खरी विषमता शिक्षणातून येते. जास्त शिकलेल्यांनाच कंपनीचे प्रशिक्षणही जास्त मिळते, आणि शाळेत मागे राहिलेला माणूस नोकरीत आणखी मागे पडतो. विशिष्ट कौशल्यावर वर्षे घालवलेल्याची नोकरी गेली तर फटका मोठा बसतो: अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील, मोठी सेवा झाल्यावर कामावरून कमी केलेल्या कामगारांच्या १९९३ च्या अभ्यासात त्यांचे उत्पन्न दीर्घकाळ सुमारे २५ टक्के घटलेले आढळले.

सरकारी उपाय मुख्यतः दोन. ब्रिटनने २०१७ पासून वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या मालकांवर त्या खर्चाच्या ०.५ टक्के उमेदवारी-आकार, म्हणजे अशा प्रशिक्षणासाठीचा कर, लावला. सिंगापूर थेट नागरिकाच्या खात्यात शिक्षणासाठी रक्कम देते. २०२४ मध्ये ४० व त्यावरील वयाच्यांना आणखी ४,००० सिंगापूर डॉलर मिळाले. दुसरा मार्ग मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही, पण शिकण्यासाठी रजा मिळाली नाही तर ही रक्कम पडूनच राहते.