परदेश प्रवासातील वैद्यकीय विमा

परदेशात असताना अचानक उद्भवलेल्या आजारावरील किंवा अपघातावरील उपचारांचा खर्च, रुग्णाला योग्य रुग्णालयात अथवा मायदेशी हलविण्याची व्यवस्था आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव परत आणणे, या जबाबदाऱ्या विमा कंपनीने ठरावीक मुदतीसाठी व ठरावीक रकमेपर्यंत पत्करण्याचा करार. सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट गहाळ होणे वगैरे बाबी बहुधा याच पॉलिसीत येतात. या नोंदीत केवळ वैद्यकीय अंगाचा विचार केला आहे.

या विम्याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक त्याची मुळे प्राचीन काळातील जोखमीच्या कर्जव्यवहारांत शोधतात. त्यासाठी याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील ‘कान्तारगास्तु दशकं सामुद्रा विंशकं शतम्’ या वचनाचा आधार दिला जातो. अरण्यमार्गाने जाणाऱ्या ऋणकोने शेकडा दहा व समुद्रमार्गाने जाणाऱ्याने शेकडा वीस व्याज द्यावे, असा त्याचा आशय असून हे दर मासिक आहेत, हे आधीच्या श्लोकावरून कळते. ‘मिताक्षरा’ या स्मृतीवरील टीकेत विज्ञानेश्वराने या चढ्या दराचे कारणही दिले आहे : असे लोक अधिक लाभासाठी प्राण व धन या दोहोंच्या नाशाची शंका असलेल्या ठिकाणी शिरतात. स्मृतीचा काळ वादग्रस्त आहे. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी तो इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक यांदरम्यान मानला, तर अलीकडील काही संशोधक तो चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत खाली आणतात. जोखमीचे मोल व्याजात धरण्याची ही रीत विमातत्त्वाच्या जवळची आहे, हे खरे. परंतु येथे सुरक्षित होते ते कर्ज देणाऱ्याचे भांडवल. प्रवाशाच्या देहाला काही झाले तर त्याच्या शुश्रूषेची तरतूद त्यात नाही. त्यामुळे या वचनाला वैद्यकीय प्रवास विम्याचे दूरचे पूर्वज म्हणता येईल, उगम नव्हे.

आधुनिक प्रवास विम्याचा आरंभ अमेरिकी ग्रंथांत सामान्यतः जेम्स बॅटरसन यांच्या हार्टफर्ड येथील ‘ट्रॅव्हलर्स’ कंपनीपासून, म्हणजे १८६४ च्या सुमारापासून धरला जातो. पण लंडनची ‘रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स’ कंपनी १८४९ पासून रेल्वेच्या तिकिटाबरोबर अपघात विम्याची चिठ्ठी विकत होती आणि बॅटरसन यांना ही कल्पना इंग्लंडच्या प्रवासातच सुचली, असे सांगितले जाते. हे पाहता अग्रमान १८४९ ला देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र या दोन्ही कंपन्या मृत्यू वा दुखापतीबद्दल रोख रक्कम देत. परक्या मुलुखात रुग्णालय शोधणे, तिथल्या डॉक्टरांशी बोलणे, रुग्णाला घरी आणणे या कामांशी त्यांचा संबंध नव्हता. ते काम व्यवसाय म्हणून उभे राहिले ते फ्रान्समध्ये. पिएर देनो यांनी १९६३ मध्ये ‘युरोप असिस्टन्स’ची स्थापना केली आणि पैशाऐवजी साहाय्य देणारी संस्था हा नवा प्रकार रूढ झाला. आजच्या पॉलिसीचे खरे मूळ येथे आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

भारतात १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसाय सरकारी मालकीचा होता. भारतीय साधारण विमा निगमाच्या चार उपकंपन्यांनी ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ ही पॉलिसी आणली, तिचे वर्ष सर्वसाधारणपणे १९८४ दिले जाते. देशांतर्गत उपचारांसाठीची प्रमाणित मेडिक्लेम पॉलिसी १९८६ ची. म्हणजे परदेशातील आजारपणाची सोय घरच्या आजारपणाच्या आधी झाली असे दिसते. याचे कारण परकीय चलनाच्या टंचाईत असावे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे प्रवाशाला मोजकेच डॉलर सोबत नेता येत आणि रुग्णालयाचे बिल त्यांतून भागणे अशक्य असे. हप्ता रुपयांत भरून दावा परकीय चलनात भागवून घेण्याची सोय ही म्हणूनच मोठी सवलत होती. दावे हाताळण्याचे काम परदेशी साहाय्य संस्थेकडे सोपविलेले असे. १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि विमाछत्र पन्नास हजार डॉलरांपासून पाच लाख डॉलर व त्याहून वर गेले.

पॉलिसीचा उपयोग कसा होतो, हे प्रत्यक्ष क्रमाने पाहिल्यास तिच्यातील साहाय्याचा वाटा लक्षात येतो. रुग्ण दाखल होताच नातलगाने पॉलिसीवर छापलेल्या चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन करायचा असतो. तिकडून पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, रुग्णालयाचे व उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पूर्वीचे आजार व चालू औषधे विचारली जातात. साहाय्य संस्थेचा वैद्यकीय अधिकारी तेथील डॉक्टरांकडून टिपणे मागवतो, आजार पॉलिसीत बसतो की नाही ते पाहतो आणि बसत असल्यास रुग्णालयाला खर्चाच्या हमीचे पत्र पाठवतो. ‘कॅशलेस’ म्हणतात ते या पत्रालाच. ते पोहोचेपर्यंत रुग्णालय कुटुंबाकडे अनामत रक्कम किंवा क्रेडिट कार्ड मागू शकते. म्हणून दाखल झाल्याची खबर तात्काळ, बहुतेक पॉलिसींत पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, देण्याची अट असते. बाह्यरुग्ण विभागातील किरकोळ उपचारांचे पैसे मात्र आधी स्वतः भरून मागाहून मिळवावे लागतात व त्यांतून वजावटीची रक्कम, म्हणजे दाव्यातील विमेदाराने स्वतः सोसायचा हिस्सा, जो पुष्कळदा शंभर डॉलर असतो, कापली जाते.

अमेरिकेतील बिलांची रीत वेगळी असल्यामुळे तिची नोंद आवश्यक आहे. तेथे १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या तातडी विभागाने रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करून प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. पण याचा अर्थ उपचार मोफत असा नाही. रुग्णवाहिका, तातडी विभागातील डॉक्टर, एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ आणि रुग्णालय यांची बिले अनेकदा वेगवेगळी येतात, तीही कधी रुग्ण भारतात परतल्यावर काही आठवड्यांनी. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळायला सहा-सहा महिने राहणाऱ्या महाराष्ट्रातील आई-वडिलांचे दावे इथेच रेंगाळतात. कारण पहिले बिल कंपनीकडे गेले की सारे संपले, असा समज असतो. बाबवार तपशील असलेले प्रत्येक बिल स्वतंत्रपणे पाठवावे लागते.

रुग्णाला हलविणे हा या विम्यातील सर्वांत खर्चिक व वैद्यकीयदृष्ट्या नाजूक भाग होय. प्रवासी विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांच्या पातळीवर मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीवर हवेत पंधरा टक्केच प्राणवायू असावा इतपत होतो आणि शरीराच्या पोकळ्यांत अडकलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने प्रसरण पावते. छातीत फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला हे घातक ठरू शकते. नुकत्याच घातलेल्या प्लास्टरमध्येही हवा अडकून राहते व अवयवावर दाब येतो. यासाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आतील प्लास्टर उड्डाणापूर्वी उभे चिरून सैल करण्याचा दंडक आहे.

पडून न्यावयाच्या रुग्णासाठी नेहमीच्या विमानात इकॉनॉमी वर्गाच्या आसनांच्या पाठी खाली पाडून त्यांवर स्ट्रेचर बसवतात, भोवती पडदा लावतात आणि सोबत डॉक्टर किंवा परिचारिका देतात. सहा किंवा त्याहून अधिक आसनांचे भाडे त्यासाठी मोजावे लागते. शिवाय विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाची आगाऊ मंजुरी लागते. अतिदक्षता चालू ठेवावी लागणाऱ्या रुग्णासाठी स्वतंत्र हवाई रुग्णवाहिका लागते. यांपैकी काय वापरायचे, हे साहाय्य संस्थेचे डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. नातलगांनी परस्पर विमान ठरवल्यास खर्च नाकारला जाऊ शकतो, हे कलम वाचले जात नाही, पण ते जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते.

दाव्यांवरील वादाचे मुख्य कारण आधीपासून असलेला आजार हे होय. विमा करार परम सद्भावावर आधारलेला असल्याने प्रस्तावकाने महत्त्वाची प्रत्येक वस्तुस्थिती उघड केली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशांतर्गत मेडिक्लेमच्या एका निकालात ठामपणे मांडले व विमा कंपनीची बाजू उचलून धरली. परदेश प्रवासाच्या पॉलिसीबाबत डिसेंबर २०२१ मधील निकालाचा रोख निराळा आहे. नातलगांकडील लग्नासाठी २००९ साली अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच अशक्तपणा जाणवून घाम फुटला. रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह त्याने प्रस्तावात सांगितला होता, परंतु कोलेस्टेरॉलसाठी घेत असलेल्या स्टॅटिन औषधाचा उल्लेख नव्हता, या कारणाने दावा नाकारण्यात आला. मधुमेही रुग्णाला हे औषध प्रतिबंधक म्हणूनही दिले जाते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. उघड केलेल्या प्रकृतीचा अंदाज घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. अचानक उद्भवणाऱ्या आजाराची भरपाई मिळावी हाच अशी पॉलिसी घेण्यामागचा हेतू असतो, असेही निकालात आहे. दोन्ही निकाल परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पण दुसरा प्रवाशाच्या परिस्थितीला अधिक न्याय देणारा आहे. गोळ्यांची संपूर्ण यादी प्रस्तावासोबत जोडणे हाच यावरचा खरा उपाय आहे. आधीच्या आजारातून प्राणावर बेतल्यास प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च काही पॉलिसी मर्यादित रकमेपर्यंत देतात. ठरवून केलेले उपचार, मद्याच्या अमलाखाली झालेला अपघात आणि जादा हप्ता न भरता केलेले साहसी खेळ सहसा वगळलेले असतात.

काही देशांनी हा विमा व्हिसाशी जोडला आहे. शेंगेन देशांच्या, म्हणजे परस्परांतील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या, अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असणारे विमाछत्र लागते. ही अट १ जून २००४ पासून अमलात आली व २००९ च्या व्हिसा संहितेत कायम राहिली. रक्कम मात्र तेव्हापासून बदललेली नाही, आणि दीर्घ मुक्कामाच्या अतिदक्षतेला ती पुरेलच असे नाही. कॅनडाच्या आई-वडील व आजी-आजोबांसाठीच्या ‘सुपर व्हिसा’ला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा, एक वर्षाचा विमा सक्तीचा आहे. अमेरिका पर्यटकावर अशी सक्ती करत नाही. इंग्लंडमध्ये अपघात व तातडी विभागातील उपचारांना शुल्क नाही, परंतु रुग्णालयात दाखल करून घेतल्यास शुल्कपात्र परदेशी पाहुण्याकडून ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

कामासाठी जाणाऱ्या मजुरांचा प्रश्न वेगळा आहे. आखाती देशांसह ज्या देशांसाठी उत्प्रवास मंजुरी, म्हणजे कामासाठी देश सोडण्याची सरकारी परवानगी, लागते, तेथे जाणाऱ्या कामगारांना २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २०१७ च्या सुधारणेनुसार तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये असून अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपये मिळतात. रुग्णालयाच्या खर्चाची मर्यादा एक लाख रुपयेच आहे.

मृत्यू झाल्यास स्थानिक मृत्यूचा दाखला, शवलेपनाचा दाखला, भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र व रद्द केलेला पासपोर्ट लागतो. ही जुळवाजुळव साहाय्य संस्था करते आणि खर्च पॉलिसीतून भागतो; विमा नसलेल्या गरजू भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे व नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे विनाशुल्क चालतात.