गॅमा किरण स्फोटांचे प्रकाशवक्र-विश्लेषण

गॅमा किरण स्फोटाची, म्हणजे दूरच्या अवकाशातून थोडा वेळ येणाऱ्या गॅमा किरणांच्या लोटाची, तीव्रता काळागणिक कशी चढते-उतरते, हे फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) मोजणीवरून ठरवण्याची पद्धत. अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी पहिला स्फोट १९६७ मध्ये टिपला; अशा स्फोटांची माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. वातावरण हे किरण अडवते, म्हणून मोजणी अवकाशातूनच होते. खानापूरचे आभाळ पावसाळाभर भरलेले असले, तरी या अभ्यासाचे काही अडत नाही. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाचे काम पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतून पाहिले जाते, तर विदा (नोंदींचा डेटा) बंगळूरजवळ ब्यालाळू येथे साठवली जाते. बेळगाव या दोहोंच्या वाटेवर. विदा मात्र घरबसल्या उतरवता येते.

पहिला प्रश्न कालखंडाच्या, म्हणजे एकेका मोजणीच्या वेळेच्या, लांबीचा. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तासातासाने गाड्या मोजल्या तर मिनिटभरात गेलेला ताफा कळत नाही. सेकंदासेकंदाने मोजल्या तर बहुतेक रकाने रिकामे राहतात. बॅट्सी या जुन्या अवकाशस्थ शोधकाच्या नोंदींत ६४ मिलिसेकंदांचा खंड रूढ होता. खंडात ११६ फोटॉन आले आणि त्यांतले सुमारे १०० पार्श्वभूमीचे (स्फोटाशी संबंध नसलेले) असले, तर उरतात १६. पण त्रुटी ११६ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे जवळपास ११. असे टोक शिखर म्हणून धरू नये.

पार्श्वभूमीसाठी स्फोटाआधीच्या व नंतरच्या शांत भागांतून बहुपदी वक्र बसवून तो वजा करतात. उरलेल्या मोजणीची बेरीज ५ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर जाण्यास लागणारा काळ म्हणजे टी-९०. पार्श्वभूमी किंचित खाली बसली, तरी शेपटी लांबून टी-९० फुगतो. मंद शेपटी गोंगाटात बुडाली की तोच स्फोट आखूड भासतो. उपकरणाचा ऊर्जापट्टा बदलला तरी आकडा बदलतो, कारण अधिक ऊर्जेला स्पंद (वक्रातले एकेक उंचवटे) अरुंद होतात आणि बहुधा आधी येतात. १९९३ पासून रूढ झालेली आखूड व लांब स्फोटांमधली २ सेकंदांची सीमारेषा म्हणूनच सैल मानावी. २०२१ च्या डिसेंबरातला अर्ध्या मिनिटाहून लांब स्फोट किलोनोव्हासह (न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्यावर दिसणाऱ्या चमकेसह) आढळला, म्हणजे एरवी आखूड स्फोट देणाऱ्या अशा विलीनीकरणातून आला असावा.

जलद चढउतारांच्या उगमाबद्दल एकमत नाही. स्फोटातून वेगाने निघालेला पदार्थाचा झोत बाहेरच्या वायूच्या गाठींवर आदळून ते होतात, असा एक पक्ष होता. तसे असते, तर झोत पसरत जाईल तसे पुढचे स्पंद रुंदावायला हवे होते. लांब स्फोटांत तसे सहसा दिसत नाही. झोतातच कमीअधिक वेगाचे थर एकमेकांवर आदळतात, म्हणजे वक्रात झोत सोडणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचीच धडधड उमटते, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. मात्र अशा टकरींतून ऊर्जा फार थोडी बाहेर पडते, म्हणून चुंबकीय पुनर्जोडणीचा (चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना ऊर्जा मोकळी होण्याचा) पर्याय पुढे आला. सरासरी शक्तिवर्णपटाचा (कोणत्या वारंवारतेचे चढउतार किती, या आलेखाचा) उतार ५/३ च्या आसपास येतो; एकेका स्फोटाचा उतार वेगळा असू शकतो. अशा गोंगाटात खोटी आवर्तने सहज दिसतात.

चढउतार व तेजस्विता यांचाही संबंध सुचवला गेला आहे, पण विखुरलेपणा मोठा आहे.

फार तेजस्वी स्फोटांत वेगळाच घोटाळा होतो: एक फोटॉन नोंदवताना शोधक क्षणभर बंद राहतो आणि पुढचे निसटतात. ९ ऑक्टोबर २०२२ च्या स्फोटाने अनेक उपकरणे अशीच भरून गेली. शिखराची खरी उंची दुरुस्ती करूनच काढावी लागली.