मुंबईच्या दमट हवेत कुत्र्याचा कूलर का दमतो?

मे महिन्यात नागपूरकर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतो आणि दुपारी निवांत ताणून देतो. तोच कूलर उचलून दादरच्या एखाद्या खोलीत आणून लावला, तर खोली गार व्हायची राहते बाजूला, चादरी ओलसर होतात आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास सुटतो. यंत्र तेच, पाणीही तेच, फरक हवेचा. विदर्भातली कोरडी हवा ताट्यांमधलं पाणी भराभर उडवते आणि उडणारं पाणी सोबत उष्णता घेऊन जातं. मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली, ती आणखी किती पाणी घेणार?

कुत्र्याच्या नाकातोंडात निसर्गाने असाच कूलर बसवला आहे, आणि अंग थंड ठेवायला त्याच्याजवळ दुसरं भरवशाचं साधन जवळपास नाही. एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर उन्हाळ्यात घरातल्या कुत्र्यासाठी काय करायचं आणि कशाचा उपयोग नाही, हे बरंचसं आपोआप कळतं. उदाहरणार्थ, ‘आज तर तेहतीसच आहे, ऊन कुठे फार आहे’ असं म्हणत त्याला संध्याकाळी बॉलमागे पळवणं मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत किती महागात पडू शकतं, हेही.

आधी घामाचं बघू. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. उकडलं की सगळं अंग ओलं होतं, वाऱ्याची झुळूक आली की गार वाटतं. कुत्र्याला असा पाणीदार घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं स्टीलच्या टेबलावर उभं केलं की त्याच्या पायाखाली ओले ठसे उमटतात, तो हा घाम. पण चार तळव्यांच्या ओलीने वीस-तीस किलोचं जनावर थंड होत नाही.

म्हणूनच ‘आम्ही जाताना त्याच्यासाठी पंखा चालू ठेवून जातो’ या वाक्यात प्रेम असलं, तरी विज्ञान थोडं कच्चं आहे. पंख्याने आपल्याला गार वाटतं ते मुख्यतः घाम वाळतो म्हणून. कोरड्या, केसाळ अंगावर पंख्याचा वारा सोडला तर फारसं काही साधत नाही. मात्र तोच पंखा, कुत्र्याचं पोट, जांघा, काखा आणि पाय ओले करून लावला, की चित्र बदलतं. आपण त्याला उसना घाम दिलेला असतो. पाठीवर नुसते चार थेंब शिंपडून हा परिणाम मिळत नाही, पाणी केसांतून कातडीपर्यंत पोचावं लागतं. पोटाकडे केस विरळ असल्यामुळे तिथे ते लगेच पोचतं.

आता धापा. निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल इतकं. स्वस्थ बसलेलं कुत्रं मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेतं. उकडायला लागलं की हा वेग हळूहळू चढत नाही, तो एकदम उडी मारून तीनशेच्या आसपास जातो. इतक्या वेगाने छाती हलवायची म्हणजे स्नायूंना श्रम, आणि श्रम म्हणजे पुन्हा उष्णता. मग थंड व्हायच्या खटपटीत कुत्रं आणखी तापत कसं नाही? याचं सुंदर उत्तर १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने दिलं. छाती, छाती-पोटामधला पडदा आणि फुप्फुसं यांच्या लवचीक रचनेची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, सेकंदाला पाचच्या थोडी वर. कुत्रं नेमकं त्याच लयीत धापा टाकतं. बरंचसं काम लवचीकपणाच करतो, स्नायूंना थोडाच जोर लावावा लागतो. हे श्वास उथळही असतात. हवा फुप्फुसांच्या तळापर्यंत न जाता वरच्या वाटेतच ये-जा करते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड लगेच वाजवीपेक्षा कमी होत नाही.

आपल्याला बाहेर लोंबणारी जीभ दिसते, म्हणून श्रेय सगळं जिभेला मिळतं. खरं काम मोठ्या प्रमाणात नाकात चालतं. श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवून दिलं की धापा टाकताना कुत्रं हवा प्रामुख्याने नाकाने आत घेतं आणि तोंडाने बाहेर सोडतं. नाकाच्या आत गुंडाळ्या झालेली नाजूक हाडं असतात, त्यांच्यावर ओलसर त्वचेचं अस्तर असतं. ते ओलं राहावं म्हणून पाणी पुरवणारी खास ग्रंथीही नाकात असते. ताट्या, पाणी आणि वारा, तिन्ही गोष्टी आतच.

मग पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं काय होतं ते सांगायला नको. माणसाने चपटं तोंड गोंडस दिसतं म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड केली आणि ताट्यांची जागाच आखडून टाकली. त्यात अरुंद नाकपुड्या, घशात लोंबणारी लांब टाळू. ही कुत्री धाप टाकतात तेव्हा घुर्र घुर्र आवाज येतो आणि लोक हसतात. तो आवाज हवा अडते आहे म्हणून येतो.

हवेचा हिशेब ढोबळमानाने मांडून बघता येतो. कुत्रं बाहेर सोडतं ती हवा त्याच्या शरीराच्या तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते, तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ४६ ग्रॅम पाणी मावतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर आत घेतलेल्या हवेतच प्रत्येक घनमीटरमागे २५ ग्रॅम पाणी आधीपासून असतं. म्हणजे ती नाकातून जेमतेम २१ ग्रॅम पाणी उचलू शकते. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेत असतात फक्त नऊएक ग्रॅम, आणि ती सुमारे ३७ ग्रॅम उचलते. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता नेतं. तितकीच उष्णता बाहेर टाकायला मुंबईच्या कुत्र्याला नागपूरच्या कुत्र्याच्या पावणेदोन पट हवा आतबाहेर करावी लागते.

याचा अर्थ नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या कुत्र्याची मजा असते असं कुणी काढू नये. हवा ४३ अंशांवर असली की ती कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते, उष्णता बाहेरून आत शिरते, वरून ऊन, खालून डांबर. शिवाय इतकं पाणी उडवायचं तर ते प्यायलाही मिळालं पाहिजे. फरक इतकाच की विदर्भात धोका दिसतो, लोक स्वतःच दुपारी बाहेर पडत नाहीत. कोकणपट्टीत तो दिसत नाही. पहिल्या पावसाआधीचा जून आणि पावसानंतरचा ऑक्टोबर हे महिने त्या दृष्टीने फसवे. पारा चढलेला नसतो आणि कुत्रं मात्र पार निपचित पडलेलं.

उष्माघात उन्हात बांधून ठेवलेल्या किंवा गाडीत कोंडलेल्या कुत्र्यालाच होतो, असा आपला समज असतो. ब्रिटनमध्ये नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या २०१६ सालच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वेगळंच निघालं. उष्णतेमुळे आजारी पडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्री व्यायामामुळे, म्हणजे चालणं, पळणं, खेळणं यांमुळे आजारी पडली होती. गाडीत अडकलेली होती पाचेक टक्के. आजारी पडलेल्या सात कुत्र्यांमागे साधारण एक दगावलं. चाऊ चाऊ, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या जातींना धोका सर्वांत जास्त दिसला, पण गोल्डन रिट्रीव्हरही यादीत होता. हे ब्रिटनसारख्या थंड देशात.

कारण उघड आहे. स्नायू काम करतात तेव्हा उष्णता आतूनच तयार होते. आणि लॅब्रॉडरसारखं कुत्रं ‘पुरे आता’ म्हणत नाही. मालकाने बॉल फेकला की ते धावतंच. जीभ नेहमीपेक्षा लांब लोंबायला लागली, तिचं टोक रुंद होऊन वर वळलं, बॉल तोंडात धरवेना, की खेळ थांबवायची वेळ होऊन गेलेली असते. दिवसभर एसीत झोपलेल्या कुत्र्याच्या शरीराला उन्हाळ्याची सवयही झालेली नसते. ती व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून मार्चमधल्या पहिल्या कडक आठवड्यात जास्त जपायचं. फिरायला नेण्याची उत्तम वेळ पहाटेची. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सातेक सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

गाडीबद्दल फार लिहायची गरज नसावी, पण ‘पाच मिनिटांत आलोच’ हे वाक्य अजून ऐकू येतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही.

केसांचा प्रश्न मात्र दरवर्षी भांडण लावतो. हस्कीला, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या कुत्र्याला, उन्हाळ्यात झिरो कट मारून आणणारे लोक मनाने चांगले असतात. पण दुहेरी केसांच्या कुत्र्यात वरचे लांब केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, आणि अडचण करतात ते खालचे दाट, लोकरीसारखे केस. ते विंचरून काढले की हवा कातडीपर्यंत खेळते. पोटाकडचे केस बारीक कापायला हरकत नाही, पाठ सोलू नये. राहिला प्रश्न पुण्या-नागपुरात हस्की पाळण्याचा. हौस माणसाची आणि शिक्षा कुत्र्याला, याहून वेगळं काही म्हणवत नाही.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्र्याला मझल घाला, असा आग्रह हल्ली होतो. तोंड घट्ट आवळणाऱ्या कापडी किंवा नायलॉनच्या मझलमध्ये कुत्र्याला धाप टाकताच येत नाही, म्हणजे त्याचा कूलर बंद. घालायचंच झालं तर तोंड उघडता येईल असं जाळीचं घ्यावं, आणि लिफ्टबाहेर पडल्यावर काढावं.

रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांना हे सगळं कुणी शिकवलेलं नाही. आखूड केस, सडसडीत अंग, उभे कान. दुपारी ती पळत नाहीत. उभ्या रिक्षेखाली माती उकरून आतल्या गार थरावर पोट टेकवतात, नळाखालच्या ओल्यात किंवा गटारात जाऊन बसतात. घरातलं कुत्रं पलंग सोडून मोरीत पसरतं ते याच कारणाने. त्याला तिथून हुसकू नये. फाटकाबाहेर पाणी ठेवायचं तर पसरट, जड, मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. धापेतून मुख्यतः पाणी जातं, घामासारखं मीठ जात नाही. त्यामुळे निरोगी कुत्र्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत बसायची गरज नसते, साधं पाणी पुरतं. पाण्यात बर्फाचे खडे टाकले तर चालतात. कांदा मात्र नको. ऊन लागलं की कांद्याचा रस अंगाला चोळायची आपल्याकडे रीत आहे. कुत्र्याला चोळला तर ते चाटणार, आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

उष्माघात झालाच तर? शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की पेशींमधली प्रथिनं बिघडायला लागतात, आतड्याचं अस्तर सुटतं, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते, मूत्रपिंडं आणि मेंदूही तडाख्यात सापडतात. लक्षणं ओळखता येतात. हिरड्या आधी लालभडक आणि मग फिक्या किंवा जांभळट, लाळ चिकट, पाय लटपटणं, उलटी, रक्ताचे जुलाब, हाकेला ओ नाही. यात एकेक मिनिट मोलाचं असतं, म्हणून आता पशुवैद्यकांचा सल्ला असा की आधी थंड करा, मग दवाखान्याला निघा. ‘गार पाणी एकदम टाकू नका, धक्का बसेल’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. तरुण, धडधाकट कुत्रं असेल तर डोकं वर धरून गार पाण्यात बसवा. म्हातारं किंवा आजारी असेल तर भरपूर पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून तसाच ठेवू नका. थोड्या वेळात तो गरम होतो आणि वाफ आतच कोंडते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

खेळून तापलेल्या, पण शुद्धीत असलेल्या कुत्र्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्राने २०२४ साली एक मजेदार उपाय तपासला. त्यांनी कुत्र्यांना बादलीतल्या पाण्यात स्वतःहून तोंड बुडवायला शिकवलं होतं. मानेवर बर्फाची पिशवी किंवा काखेत ओला टॉवेल यांपेक्षा या डुबकीने शरीराचं तापमान लवकर उतरलं. नाकाच्या, तोंडाच्या आणि कानांच्या आसपास रक्तवाहिन्यांची दाटी असते, त्यामुळे हे पटण्याजोगं आहे. बादलीच्या तळाशी खेळणं किंवा खाऊ टाकून घरीही शिकवता येईल. जबरदस्तीने डोकं दाबायचं मात्र नाही.

थंड करताना गुदद्वारातून थर्मामीटरने तापमान बघत राहा, ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. आणि कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं दुखणं पुढच्या एक ते तीन दिवसांत डोकं वर काढतं, रक्ततपासणीत ते आधी दिसतं.