मुक्त बाजारवाला आणि कारखानदारांचा माणूस: एकाच माळेचे मणी नव्हेत

सांगलीत मार्केट यार्डात म्हणा नाहीतर विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर म्हणा, कुणी "सरकारनं धंद्यात लुडबूड करू नये" असं नुसतं म्हटलं की लगेच त्याच्यावर शिक्का बसतो, हा भांडवलदारांचा माणूस. लोकांचं पण चुकतंय असं नाही, कारण भांडवलदारांची माणसं पण अगदी हेच वाक्य बोलतात. इन्स्पेक्टर राज नको, टॅक्स कमी करा, परवानग्या कमी करा. त्यामुळं लिबर्टेरियन माणूस, म्हणजे खरा मुक्त बाजारवाला, आणि धंदेवाल्यांचा वकील यांची पहिली दहा मिनिटं ऐकली तर फरक कळतच नाही. फरक अकराव्या मिनिटाला कळतो, आणि तो बारीकसारीक फरक नाही, दोघं एकमेकांचे विरोधक निघतात.

लिबर्टेरियनचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर माणसाच्या अंगाला आणि त्याच्या कमाईला त्याच्या मर्जीशिवाय कुणी हात लावायचा नाही, शेजाऱ्यानं नाही, भावकीनं नाही, जातपंचायतीनं नाही आणि सरकारनं तर नाहीच. सरकारचं काम काय, तर चोरी, मारामारी, फसवणूक थांबवायची आणि केलेला करार पाळायला लावायचा. बाकी कुणी काय पिकवायचं, कुणाला विकायचं, काय खायचं, कुणाशी लग्न करायचं हे ज्याचं त्यानं बघावं. धंदेवाल्यांचा माणूस मात्र बाजाराच्या बाजूनं नसतो, तो त्या बाजारात आधीपासून बसलेल्या दुकानाच्या बाजूनं असतो. एस्टी स्टँडवर आपण खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतो आणि एकदा बूड टेकलं की तेच आपण कंडक्टरला म्हणतो, "मास्तर, आता बास, डबल बेल मारा." हा तो माणूस.

आता उसाकडं या, कारण आपल्याकडं हे सगळ्यात स्वच्छ उसात दिसतं.

नवा साखर कारखाना काढायचा तर जुन्या कारखान्यापासून किमान अंतर ठेवावं लागतं. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात ते १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्रानं ते वाढवून २५ केलं, आणि हे हवाई अंतर बरं का, रस्त्यानं मोजलं तर अजून जास्त. कारण सांगतात की कारखान्याला पुरेसा ऊस मिळाला पाहिजे. बरोबर आहे, पण ऊस कारखान्याला मिळाला पाहिजे याची काळजी सरकार करणार आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालं पाहिजे याची कुणी करायची? साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये स्वच्छ सांगितलं होतं की ही अंतराची अट काढून टाका. त्याच अहवालातली लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यानं स्वस्तात सरकारला द्यायची साखर, काढून टाकायची शिफारस २०१३ ला मान्य झाली, कारण त्यात कारखान्यांचा फायदा होता. अंतराची अट तशीच राहिली. अट उठवा म्हणून कारखानदारांचा मोर्चा निघालेला कधी ऐकलाय? मी तरी नाही.

ही अट कागदावर नुसता आकडा दिसते, फडात तिचा अर्थ वेगळा असतो. समजा एकाचा दोन एकर ऊस तोडीला आलाय. नोंद आहे, पाळीपत्रकात नंबर आहे, पण कारखान्याच्या गेल्या निवडणुकीत त्यानं पॅनेल दुसरं धरलं. मग चिटबॉयचा, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाचा, फोन लागत नाही, गट ऑफिसात "टोळी पुढच्या आठवड्यात देतो" ऐकत पंधरा दिवस जातात, उसाला तुरे येतात, वजन घटायला लागतं. शेवटी टोळी येते तेव्हा टोळीची खुशाली वेगळी, ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री वेगळी, म्हणजे वरचे पैसे. आणि तो हे सगळं का सोसतो? कारण शेजारचा कारखाना लांब आहे आणि त्यालाही इथल्या कारखान्याच्या दादाला दुखवायचं नाही. जवळ तिसरा कारखाना असता तर चिटबॉय स्वतः मोटरसायकलवर बांधावर आला असता. लिबर्टेरियन जेव्हा बाजार मोकळा करा म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा चिटबॉय असतो. एके काळी तर झोनबंदी होती, ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, ती शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं रस्त्यावर उतरून उठवायला लावली. झोनबंदी हवी होती कुणाला, हे सांगायला नको.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारनं ऊस राज्याबाहेर न्यायलाच बंदी घातली होती, पाऊस कमी झाला म्हणून. मिरज, जत, शिरोळकडचा माणूस चार पैसे जास्त मिळाले तर ऊस कर्नाटकात घालतो, त्याला सांगायचं की तुझा ऊस तुझा नाही. ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत आदेश मागं घेतला. पण त्यातनं ज्याचं भलं होणार होतं तो बाजार नव्हता, ते इकडचे गाळप हंगामाची चिंता लागलेले कारखाने होते.

पण इथं एक गोष्ट लिबर्टेरियन मंडळींनाही सुनावली पाहिजे. एफआरपीचा, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या सरकारी किमान भावाचा, विषय निघाला की हे पटकन म्हणतात की भाव सरकारनं ठरवायचाच कशाला, तो पण काढा. कारखानदार टाळी वाजवतो, त्याला हेच हवंय. त्याला एफआरपी नको, चौदा दिवसांत पैसे द्यायची अट नको, पण साखरेचा किमान विक्री दर मात्र हवाय. तो सरकारनं जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरवला आणि २०१९ मध्ये ३१ केला, तो अजून वाढवा म्हणून निवेदनं चालूच असतात. म्हणजे मी घेताना बाजारभाव आणि विकताना सरकारी भाव. लिबर्टेरियन दोन्ही काढा म्हणतो, निर्यातबंदी पण काढा, इथेनॉलवरचे निर्बंध पण काढा (डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका रात्रीत ब्रेक लावला होता, आठवत असेल), तो आपल्या जागी प्रामाणिक आहे. पण कुठलं कुलूप आधी काढायचं याला फार महत्त्व आहे. अंतराची अट ठेवून आधी एफआरपी काढली तर शेतकरी एकट्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईल आणि त्याला मोकळा बाजार म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. हा क्रम जो सांगत नाही तो पुस्तकी लिबर्टेरियन, आणि कारखानदार अशा माणसाला फार प्रेमानं भाषणाला बोलावतो.

कारखाना बुडाला तर काय, इथं फरक एका ओळीत संपतो. मुक्त बाजारवाला म्हणतो बुडू दे, चालवता येईल त्याला रीतसर लिलावात विका. धंदेवाल्यांचा माणूस म्हणतो, थकहमी द्या, म्हणजे कर्ज बुडालं तर सरकारनं भरावं.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही, देशाचा इतिहास बघितला तरी हाच घोळ. लोकांना वाटतं समाजवादी धोरण नेहरूंनी उद्योगपतींच्या उरावर लादलं. पण १९४४ चा बॉम्बे प्लॅन टाटा, बिर्ला, कस्तुरभाई लालभाई अशा बड्या उद्योगपतींनीच लिहिलेला, आणि त्यात त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं की सरकारनं नियोजन करावं, परदेशी मालापासून संरक्षण द्यावं. पुढं लायसन-परमिट राज आलं तर ज्यांना लायसन मिळालं त्यांचं चांगलंच चाललं, स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावणारे आपले वडील होते, बनवणारे नव्हते. त्या राजला उघड विरोध केला तो राजाजी आणि मिनू मसानी यांच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षानं. त्यात संस्थानिक आणि जमीनदार भरले होते हे खरं, पक्ष काही सोवळा नव्हता, तरी १९६७ ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या. आणि १९९१ ला दारं किलकिली झाल्यावर १९९३ मध्ये मुंबईत बडे उद्योगपती एकत्र जमले, ज्याला लोक बॉम्बे क्लब म्हणायला लागले, तर मागणी काय, परदेशी कंपन्यांशी स्पर्धेत आम्हाला आधी सांभाळून घ्या. स्वातंत्र्य मागायला कुणी जमलं नव्हतं.

आता संस्कृतीचा मुद्दा, कारण फरक फक्त पैशापुरता नाही.

दारूचं बघा. महाराष्ट्रात कायद्यानं दारू प्यायला आजही परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो ते सोडा. आणि सत्तरच्या दशकापासून जवळपास पन्नास वर्षं नव्या वाईन शॉपची लायसन्स देणं बंदच होतं. कारण नैतिक, समाज बिघडू नये. परिणाम काय, जुन्या लायसनाला सोन्याचा भाव आला, ते वारसाहक्कानं चालतं, भागीदारीत फिरतं, आणि लायसनवाला सभेत व्यसनमुक्तीला देणगी देतो. नव्या दुकानाला विरोध करणाऱ्यांत कीर्तनकार पुढं आणि जुना दुकानदार मागं, दोघांचं कारण वेगळं, मागणी एकच. लिबर्टेरियन यातल्या दोघांनाही नको म्हणतो.

डान्सबार तर आपल्याच माणसाचा निर्णय. तासगावच्या आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना २००५ ला डान्सबार बंद केले, जिल्ह्यात त्याचं प्रचंड कौतुक झालं, अजून होतं. आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, माणूस साधा होता. पण त्या कायद्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे तेच नाचणं मोठ्या हॉटेलात संस्कृती आणि पनवेलच्या बारमध्ये अधःपात. हायकोर्टानं २००६ मध्ये बंदी रद्द केली ती समानता आणि पोट भरायचा हक्क या दोन मुद्द्यांवर, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला तेच कायम केलं. लिबर्टेरियनचा प्रश्न इतकाच असतो की त्या बाईला कुणी जबरदस्तीनं नाचवतंय का? नाचवत असेल तर त्याला जेलात घाला. नसेल तर तिची रोजीरोटी तुम्ही कुठल्या अधिकारानं काढली? धंदेवाल्यांचा माणूस असा प्रश्न विचारत नाही, तो आपल्या हॉटेलाचे स्टार मोजतो.

बैलाचं पण तसंच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आटपाडी-खरसुंडीकडं खिलार जातीचे बैल पाळणाऱ्याला विचारा, काम सुटलेल्या बैलाला आधी काय मिळायचं आणि आता काय मिळतं. श्रद्धेचा मान राखा, पण बैलाच्या वैरणीचा खर्च ज्याच्या दावणीला बैल आहे तोच करतो. विकायचा कुणाला हे ठरवायचा हक्क काढला की निम्मी मालकीच काढली. या विषयावर उद्योगांच्या मोठ्या संघटना कधी तोंड उघडत नाहीत, त्यांचं काय जातंय.

फक्त दारूच्या बाबतीत लिबर्टेरियन माणसं एक गोष्ट सोयीनं विसरतात. आपल्याकडं गावातल्या बायका मतदान घेऊन दुकान बंद पाडू शकतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यावर हे म्हणतात, नवरा मारत असेल तर पोलिसांकडं जा, बाटलीला का शिक्षा? पुस्तकात बरोबर आहे. पण रात्री अकरा वाजता वाडीवर पोलीस येत नाही हे ज्या बाईला माहितीय तिनं बाटली आडवी केली तर मी तिला स्वातंत्र्यावर लेक्चर देणार नाही. सरकारनं जे एकच काम करावं असं लिबर्टेरियन म्हणतो ते मारझोड थांबवायचं काम सरकार करतच नाही, तिथं त्याची सगळी मांडणी लंगडी पडते.

शरद जोशींचं नाव इथं घ्यावंच लागेल, जन्मानं ते साताऱ्याचेच, १९३५ चे. त्यांना आयुष्यभर दोन्हीकडनं शिव्या पडल्या. डावे म्हणायचे भांडवलदारांचा हस्तक, आणि कारखानदार म्हणायचे हा आमची घरं जाळायला आलाय. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही त्यांची घोषणा सबसिडी मागत नव्हती, आमचा माल अडवू नका म्हणत होती. हाच माणूस १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात लाखोंनी बायका जमवतो, पुढं नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावतो, आणि २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर १८६ विरुद्ध १ मतदान होतं तेव्हा तो एक तोच असतो. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ सोडतीनं फिरते ठेवायला होता. पटो न पटो, पण कुठल्याही उद्योगपतीचा माणूस अशा मतदानाच्या वेळी नेमका लॉबीत चहा पीत असतो.

आणि सध्या जो विषय गावागावात पेटलाय त्यात तर दोघं समोरासमोरच उभे आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला आपल्याकडं आणि कोल्हापुरात विरोध चालू आहे, बागायत जमीन जाणार म्हणून. धंदेवाल्यांचा माणूस म्हणतो रस्ता झाला पाहिजे, विकास आहे, मोबदला भरपूर द्या आणि विषय संपवा. मुक्त बाजारवाला म्हणतो, मालक नाही म्हणाला तर व्यवहारच नाही, जास्त पैसे देऊन केलेली जबरदस्ती पण जबरदस्तीच. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतनं काढला हे त्याचं जुनं दुखणं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकार-खाजगी भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के लोकांची संमती लागते, सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अटच नाही. मग हजार मालकांत एक जण अडून बसला तर रस्ता कसा करायचा? यावर त्यांच्यातले काही जण सांगतात की दोन-तीन मार्ग आखा, तिन्हीकडच्या शेतकऱ्यांशी आधी भावाचा सशर्त करार करा, आणि ज्या बाजूला सगळे राजी होतील तिकडनं रस्ता न्या. वेळ जाईल, मोजणीचे नकाशे तीनदा काढावे लागतील, आणि ज्यांनी एका ठराविक मार्गाच्या कडेला आधीच गुंठे घेऊन ठेवलेत त्यांची मात्र पंचाईत होईल.