वाटी-बुरशी की कान-बुरशी?

पुनर्वसूच्या झडीनंतर झुडपी जंगलात पडलेल्या ओंडक्याजवळ तपकिरी, वाटीसारखं काही दिसलं, की बहुतेक जण त्याला 'कान' म्हणून मोकळे होतात. ते कान-बुरशी म्हणजे ऑरिक्युलेरिया असेल, किंवा वाटी-बुरशी म्हणजे पेझिझा असेल. रंग आणि आकार पाहून यांचा निकाल लागत नाही. वाट्या दाटीनं उगवल्या की एकमेकींना दाबून कानासारख्या वाकड्या होतात, आणि कोवळा कान हुबेहूब वाटीसारखा असतो.

आधी एक तुकडा चिमटीत धरून हळूच वाकवा. वाटी-बुरशी मेणासारखी कट्कन तुटते. कान-बुरशी रबरासारखी लवते, ताणली जाते आणि मोठ्या मुश्किलीनं फाटते. उजेडासमोर धरली तर तिच्यातून लालसर तपकिरी झाक आरपार दिसते. मात्र सततच्या पावसात कुजायला लागलेला कानही लिबलिबीत होऊन सहज तुटतो, म्हणून ही परीक्षा ताज्या नगावरच करायची.

दुसरी खूण पाठीवर सापडते. कानाच्या पाठीवर मखमली लव असते. बोट फिरवलं की कळते, भिंगातून तर स्पष्टच दिसते. वाटीची पाठ आतल्या बाजूपेक्षा फिकी आणि रव्यासारखी खरखरीत असते.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती बीजाणूंची परीक्षा. वाटीचे बीजाणू आतल्या, वर तोंड केलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म नळ्यांत तयार होतात, एकेका नळीत बहुधा 8. पिकलेल्या वाटीवर हलकी फुंकर मारून काळ्या कापडासमोर धरा: हजारो नळ्या एकदम फुटतात आणि धुरासारखा पांढरा लोट उठतो. काठावर काचपट्टी आडवी ठेवली तर बीजाणू उडून तिला खालून चिकटतात. कानाचा लोट उठत नाही. त्याची गुळगुळीत बाजू काळ्या कागदावर पालथी घालून, वर पेला झाकून रात्रभर ठेवली की सकाळी पांढरी भुकटी मिळते. कच्च्या वाटीतूनही लोट निघत नाही, म्हणून एका फुंकरीवर निकाल देऊ नये.

जागेवरून अंदाज बांधताना जरा जपूनच. कान-बुरशी लाकडावरच येते; मातीतून आलेली दिसली तर सुरीनं दोन-तीन इंच उकरा, खाली काटकी निघते. वाटी-बुरशी मात्र माती, कुजकं लाकूड, जळकी जमीन, शेणखताचा ढीग, कुठंही उगवते.

शंका राहिलीच तर एक दिवस उन्हात वाळवा. कान आक्रसून कडक, काळपट होतो आणि अर्ध्या तासाच्या भिजवणीत पुन्हा फुगतो. वाटीचा चुरा होतो.

आता जातीचं नाव. सगळ्या तपकिरी वाट्यांना सर्रास 'पेझिझा बेडिया' म्हटलं जातं, पण ते फोटोवरून ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं करून पाहावं लागतं: बेडियाचे बीजाणू जाळीदार खडबडीत, तर पेझिझा व्हेरियाचे गुळगुळीत. ल्युगॉलचं आयोडीन (आयोडीनचं पातळ द्रावण) टाकलं की दोघींच्याही नळ्यांची टोकं निळी होतात, म्हणजे त्यावरून गट कळतो, जात नाही. शिवाय 2020 पासून बेडिया 'लेगॅलियाना' या वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेली आहे, त्यामुळे जुन्या-नव्या पुस्तकांत नावं जुळत नाहीत.

सात्या, टेकोडे अशा खायच्या रानआळंब्या ओळखणाऱ्यांनीही ही वाटी भाजीत घालू नये. चांदीचा चमचा काळा पडला नाही किंवा किड्यांनी खाल्ली, म्हणून बुरशी खाण्याजोगी ठरत नाही.