मराकाना: २०२७ च्या वर्ल्डकपआधीची गोष्ट

२०२७ चा महिला फुटबॉल वर्ल्डकप ब्राझीलमध्ये, २४ जून ते २५ जुलै, आठ शहरांत, आणि रिओचं मराकाना स्टेडियम त्यात असणारच होतं, यजमानपदाच्या अर्जात ओपनिंग आणि फायनल दोन्ही तिथेच मागितल्या होत्या. १९५० च्या वर्ल्डकपची उरुग्वेवाली मॅच, ब्राझील इथेच हरलं ती, सगळ्यांना तोंडपाठ आहे म्हणून ती सोडतो. फक्त एक आकडा बघा, त्या दिवशी तिकीट काढून आत गेलेले १,७३,८५०, आणि आज तिथे मावतात साधारण ७८ हजार.

यातली काही कपात सेफ्टीसाठी झाली आणि ती योग्यच होती. १९९२ मध्ये वरच्या स्टँडचा कठडा तुटून तिघं गेली, त्यानंतर गर्दीवर मर्यादा आलीच. पण जेराल बंद करणं हे वेगळं प्रकरण आहे. जेराल म्हणजे मैदानाला लागून अगदी खाली, उभ्याने मॅच बघायची जागा, तिथून नीट दिसायचंही नाही, पण तिकीट सगळ्यात स्वस्त, त्यामुळे ज्याच्या खिशात फारसं काही नाही तोही रविवारी आत असायचा. २००७ च्या पॅन अमेरिकन गेम्ससाठी (अमेरिका खंडांतल्या देशांच्या स्पर्धा) काम काढलं आणि २००५ मध्ये जेराल गेलं ते गेलंच. तिथे सीट्स बसवल्या हे ठीक, पण त्या गरीब प्रेक्षकाला परवडेल असं दुसरं काही दिलं नाही, आणि माझ्या मते मराकानाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

२०१० ते २०१३ मध्ये तर आतून जवळजवळ नवंच स्टेडियम बांधलं. बजेट ७० कोटी रियालच्या (ब्राझीलचं चलन) आसपास धरलं होतं ते १०० कोटींच्या वर गेलं. स्टेडियम २००० पासून संरक्षित वारसा, तरी जुनं काँक्रीटचं छत गंजलंय म्हणून पाडायला परवानगी मिळाली, त्यावरून कोर्टबाजीही झाली. नवीन छताखाली बहुतेक सगळ्या सीट्स येतात हे खरं, पण वारसा म्हणून जपायचं ठरवलेलीच गोष्ट पाडली.

२०१४ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपची फायनल झाली, २०१६ चं ऑलिम्पिक झालं, आणि २०१७ च्या जानेवारीत गवत वाळलेलं, सीट्स उखडलेल्या, बिल थकलं म्हणून लाइट तोडलेली. ठेकेदार आणि ऑलिम्पिकवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसले. २०१९ ला रिओच्या दोन मोठ्या क्लब्सनी कारभार हातात घेतला, २०२४ ला त्यांनाच २० वर्षांचं कंत्राट मिळालं, तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

बायकांच्या फुटबॉलवर ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी बंदी होती, हे फारसं कोणी लिहीत नाही. आणि त्याच मराकानात २००७ च्या पॅन अमेरिकन फायनलला ब्राझीलच्या मुलींनी अमेरिकेला ५-० हरवलं, २०१६ च्या ऑलिम्पिक सेमीफायनलला ७० हजारांवर लोक आले, स्वीडनकडून पेनल्टीवर हरल्या ती मॅच. त्यामुळे २०२७ ला गर्दी होईल का ही चिंता नकोच, तिकिटं कितीला ठेवतात ते बघायचं.